नागपूरहून बॉर्डरला गाडी नेताय? मग निघायच्या आधी हे वाचा

कापसीच्या ट्रान्सपोर्ट नगरात मागे एक पोरगा भेटला, वय असेल चोवीस-पंचवीस, हातात नवीन दहा चाकी अन् पहिल्यांदाच पेट्रापोलचं, म्हणजे बंगालातल्या बांगलादेश बॉर्डरचं, भाडं लागलेलं. मला विचारते, काका तिकडे रस्ता कसा आहे. म्हटलं बाबू, रस्ता तं मोबाइल सांगते, तू हे विचार का तिथं पोचल्यावर चार दिवस उभं कसं राहायचं. तो हसला, पण मी काही गंमत करत नव्हतो. बावीस वर्षं स्टिअरिंग धरलं, संत्रा नेला, मिरची नेली, गोंदियाचा तांदूळ नेला, नेपाळलाही मशीनचे पार्ट घेऊन गेलो, अन् या सगळ्यात माझं जे काही नुकसान झालं ना त्यातलं जवळपास सगळं गाडी उभी असताना झालं. कधी लाइनीत, कधी माल उतरवताना, कधी नुसती एक सही करताना. चालत्या गाडीत आपण जागे असतो, गाडी उभी झाली का ढिले पडतो. त्या पोराला दोन चहात जे सांगितलं तेच इथं लिहून राहिलो, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

निघायच्या आधीचे कागद

आरसी, फिटनेस, परमिट, पीयूसी, लायसन्स हे सगळेच पाहतात. पण कसं पाहतात, तं आज चालू आहे का एवढंच. बॉर्डरच्या ट्रिपला आजची तारीख पाहून चालत नाही. जायचे दिवस, तिथं अडकायचे दिवस अन् यायचे दिवस धरून वर अजून पंधरा दिवस पुढची तारीख पाहा. फिटनेस लाइनीत उभ्या उभ्या संपला तर गाडी आतही नाही अन् बाहेरही नाही, अशी लटकते.

दुसरं म्हणजे इन्शुरन्स, अन् हे बहुतेक ड्रायव्हरलाच काय, कित्येक सेठलाही माहीत नसते. आपली गाडीची पॉलिसी भारतापुरती असते. नेपाळ, बांगलादेश, भूतान असं जायचं असलं तर पॉलिसीत त्या देशाचं नाव जोडून घ्यावं लागते, त्याचा थोडा जास्तीचा प्रीमियम भरावा लागते अन् इन्शुरन्सवाले त्याचा वेगळा कागद देतात. तो नसला अन् नेपाळात वीरगंजच्या पुढे कोणाच्या मोटरसायकलला धक्का लागला तर सगळं आपल्या खिशातून. सेठला निघायच्या आधी सरळ विचारा, लाजू नका. ‘‘होऊन जाते रे’’ असं उत्तर आलं तर समजायचं का कागद नाहीये.

डिजिलॉकर आपल्याकडे चालते, पण बॉर्डरला छापील कॉपी लागतेच लागते. चार सेट काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, कारण फोनची बॅटरी नेमकी काउंटरवरच उतरते. नेपाळसाठी मतदान कार्ड नाहीतर पासपोर्ट सोबत घ्या. व्हिसा लागत नाही, पण ओळख लागते, अन् आधारच्या भरवशावर जाऊ नका.

आता मालाचे कागद. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टमचा निर्यातीचा कागद), बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालाची पावती) अन् फळं-धान्य असलं तर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे मालाला कीड-रोग नाही असा दाखला. हे कस्टम एजंटचं काम आहे हे खरं, पण गाडीवर तुम्ही आहात, एजंट नाही. तीन गोष्टी प्रत्येक कागदावर सारख्या आहेत का ते पाहा: नग, वजन, गाडी नंबर. गाडी नंबरात एक आकडा इकडचा तिकडे झाला तर दुरुस्तीला दोन दिवस जातात. माझ्या वेळी एमएच ४० च्या जागी एमएच ४९ टाइप झालं होतं, टाइप करणाऱ्या पोरानं ‘‘सॉरी काका’’ म्हटलं अन् मी दोन दिवस मच्छर मारत बसलो.

ई-वे बिल म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, त्याच्या मुदतीचा हिशेब साधा आहे, २०० किलोमीटरला एक दिवस. नागपूर ते पेट्रापोल बाराशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सहा-सात दिवस मिळतात. पुरतात, पण गाडीचा पाटा (स्प्रिंग) तुटला, कुठं चक्का जाम लागला तर पुरत नाही. मुदत संपायच्या आधीचे ८ तास अन् नंतरचे ८ तास एवढ्याच वेळात ती वाढवता येते, तेव्हा मुदत संपायची वेळ मोबाइलमध्ये अलार्म लावून ठेवा अन् अलार्म वाजला का ऑफिसला फोन. रस्त्यात गाडी बदलली तर बिलात नवीन नंबर चढवल्याशिवाय चाक फिरवायचं नाही.

वजनाबद्दल जास्त बोलत नाही, सगळ्यांना माहीत आहे. काटा स्वतः करा, पावती स्वतःजवळ ठेवा. ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २,०००, अन् जास्तीचा माल तिथंच उतरवायला लावतात ते वेगळं. पण बॉर्डरला त्याहून मोठी पंचाईत अशी का कागदावर एक वजन अन् काट्यावर दुसरं दिसलं का कस्टमला वाटते आत काहीतरी वेगळं आहे. मग पूर्ण गाडी खाली करून पाहतात.

भरताना हात मागे बांधून उभे राहू नका

गाडी भरून राहिले तेव्हा आपण पोहे खायला जातो. ही सवय मोडा, अगदी तर्री पोहे असले तरी. नग मोजा. हमाल मोजतो, मुनीम मोजतो, तुम्हीही मोजा, अन् मोजता येण्यासारखं नसलं, म्हणजे सील लागूनच कंटेनर आला असला, तर बिल्टीवर लिहून घ्या का माल ड्रायव्हरसमोर भरलेला नाही, सीलबंद मिळाला. ही एक ओळ पुढे तुमची नोकरी वाचवते.

संत्र्याचं वेगळं तंत्र आहे. काटोल-वरूडकडून क्रेट भरून येतात, ते एकमेकांवर नीट बसले पाहिजेत अन् मधे हवा खेळायला जागा पाहिजे. ताडपत्री गच्च बांधली तर आतून वाफ धरते अन् तिसऱ्या दिवशी खालचा थर बसतो. उघडी ठेवली तर ओडिशात पाऊस गाठतो. म्हणून पुढून-मागून हवेची जागा ठेवून वरून झाकायचं, अन् धाब्यावर थांबलो का हात घालून पाहायचं का आत गरम तं नाही ना. मिरचीच्या पोत्यांचं उलटं, तिला ओल अजिबात चालत नाही. बाकी बांगलादेशनं संत्र्यावरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं एवढं वाढवलं का पूर्वीसारख्या गाड्या आता लागत नाहीत, नागपूरच्या कळमना बाजारात कोणालाही विचारा. तेव्हा जे भाडं मिळाले ते सांभाळा.

रस्सा अन् बेल्ट निघताना कितीही ताणा, माल पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये बसतो अन् रस्सा ढिला होतो. म्हणून भंडाऱ्याच्या आसपास एकदा उतरून परत ताणायचा. नेपाळकडे जात असाल तर मनसरला. दर थांब्याला सील पाहायचं. सीलचा नंबर पाठ पाहिजे, फोटो पाहिजे, अन् फोटोत गाडीचा नंबरही दिसला पाहिजे, नाहीतर तो फोटो कोणत्या गाडीचा हे सिद्ध करत बसाल.

रस्त्यावरच्या काही गोष्टी

दोन रस्ते. कोलकात्याकडे जायचं तर भंडारा, देवरी, रायपूर, संबलपूर, केओंझर, बहरागोडा, खरगपूर. नेपाळला रक्सौल, म्हणजे बिहारातली वीरगंजसमोरची बॉर्डर, धरायचं तर सिवनी, जबलपूर, रीवा, बनारस अन् वर बिहारात. पहिल्या रस्त्यावर बांगरीपोसीचा घाट लागतो, उतारावर गिअर खालचा ठेवा, न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे शहाणे मी खाली दरीत पडलेले पाहिले. दुसऱ्या रस्त्यावर नागपूर सोडल्यावर पेंचचं जंगल. तिथं जनावरांसाठी हायवेखालून मोठे रस्ते केले आहेत, तरी रात्री कधी सांबर तर कधी डुक्कर वर येतेच, म्हणून तेवढ्या पट्ट्यात वेग कमी ठेवा.

टायरची हवा थंडीतच पाहा, म्हणजे गाडी उभी राहून थंड झालेली असताना. मे महिन्यात आपल्या इथं पारा पंचेचाळीसच्या वर जाते, टायर तापून हवा वाढलेली दिसते अन् लोक ती सोडून देतात. मग टायर थंड झाल्यावर हवा कमी पडते अन् कमी हवेचाच टायर जास्त तापून फुटतो. उलटं वाटते पण तसंच आहे.

धुकं हा आपला विषय नाही, नागपूरकराला ऊन कळते. डिसेंबर-जानेवारीत बनारसच्या पुढे अन् पूर्ण तराईत, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या सपाट पट्ट्यात, असं धुकं पडते का स्वतःचं बोनट दिसत नाही. आपली पोरं तिथं काय करतात, तं घाबरून गाडी साइडला लावतात अन् इंडिकेटर चालू करून बसतात. मागून येणाऱ्याला वाटते हाच रस्ता, तो त्या लाइटमागं येऊन धडकतो. दिसत नसलं तर हळूहळू करत पंपावर किंवा धाब्यात आत घ्या, रस्त्याच्या काठावर थांबू नका. मागची लाल-पांढरी चमकणारी पट्टी चिखलानं झाकली असली तर फडक्यानं पुसायला दोन मिनिटं लागतात.

बिहार लागायच्या आधी केबिन झाडून घ्या. २०१६ च्या एप्रिलपासून तिथं पूर्ण दारूबंदी आहे. सीटखाली कोणाची अर्धी बाटली राहिली असली तरी तुमच्यावर केस अन् गाडी जप्त. ‘‘माझी नाही, क्लीनरची आहे’’ हे तिथं कोणी ऐकत नाही.

अन् झोप. १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांच्या कायद्यात लिहिलेलं होतं का दिवसाला ८ तास काम अन् सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती. आपल्यापैकी किती जणांना मिळाली ते सोडा. पण रात्री २ ते ५ या वेळात शरीर आपलं ऐकत नाही, मग चहा प्या का तोंडावर पाणी मारा. मान एकदा जरी खाली गेली, मागचे दोन किलोमीटर कसे आले ते आठवत नसलं, तर समोर जो पहिला धाबा येईल तिथं गाडी आत घ्या अन् वीस-पंचवीस मिनिटं झोपा. सेठला उशीर सांगता येते. गोळ्या खाऊन चालवणारे पण पाहिले, त्यातले दोघं आता नाहीत.

लाइनीत उभं राहायचं कसं

आता मुद्द्याची गोष्ट. पेट्रापोलच्या आधी बनगाव लागते, तिथं गाड्यांच्या रांगा. आता ऑनलाइन स्लॉट, म्हणजे पलीकडे जायची ठरलेली वेळ, घ्यावा लागते त्यामुळे पूर्वीपेक्षा बरं आहे, आम्ही तिथं पंधरा-पंधरा दिवस काढले आहेत. स्लॉट कोणाच्या नावानं, कोणत्या तारखेचा, ते एजंटकडून मेसेजमध्ये लिहून घ्या, तोंडी ‘‘उद्या लागते’’ चालत नाही. स्लॉटच्या खूप आधी पोचून फायदा नाही, उलट पार्किंगचा खर्च वाढते. अन् कोलकात्याजवळ दिवसा ट्रकला एन्ट्री बंद असते, त्याची वेळ धरून निघा. जेसोर रोड अरुंद आहे, दोन्हीकडे जुनी जाडजूड झाडं, आरसे सांभाळा.

गाडीखाली झोपू नका. हे मी तीनदा लिहायला तयार आहे. ऊन असते, खाली सावली असते, चटई टाकली का मस्त डोळा लागते, अन् रांग पुढं सरकली का दुसरा कोणी, कधी आपलाच क्लीनर, गाडी सुरू करते. मागं-पुढं वाकून पाहायला कोणाला वेळ नसते. बनगावजवळच्या एका पार्किंगमध्ये एक यूपीचा ड्रायव्हर असाच गेला, मी चार गाड्या मागं होतो. त्याच्या घरी फोन कोणी करायचा यावरच आम्ही अर्धा तास उभे राहिलो. तेव्हापासून माझ्या गाडीत नियम आहे, चाबी फिरवायच्या आधी दोन्ही बाजूनं एक चक्कर अन् खाली वाकून एक नजर.

थंडीत केबिन बंद करून आत सिगडी किंवा छोटी गॅस शेगडी लावायची नाही. कोळशाच्या धुराला वास असते, पण त्यातला जो जीव घेणारा वायू आहे त्याला वास नसते, माणूस झोपेतच जाते. स्वयंपाक बाहेर, गाडीपासून लांब, डिझेल टाकीच्या बाजूला तं अजिबात नाही. जाड ब्लँकेट घ्या, ते सिगडीपेक्षा स्वस्त पडते.

गाडी उभी करताना हँडब्रेक, गिअर अन् चाकाला लाकडी गुटका, तिन्ही. खाली जॅक लावून काम करायचं असलं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर आत घुसू नका, लाकडाचा ठोकळा द्या. डिझेल टाकी अन् बॅटरीला कुलूप. रात्री कोणी येऊन सांगितलं का भाऊ तुमचं ऑइल गळून राहिले, तर लगेच दार उघडून उतरायचं नाही, आधी आरशात पाहा, शेजारच्या गाडीवाल्याला हाक मारा. दोन-तीन नागपूरच्या गाड्या असल्या तर एकत्र लावा, बारी-बारीनं जागा. अनोळखी माणसाचा चहा, बिडी, प्रसाद काहीच घ्यायचं नाही. देवाला राग येत नाही.

पैसे एका जागी ठेवू नका. अन् रांगेत पुढं लावून देतो म्हणणारे दलाल तिथं माशीसारखे फिरतात, त्यांना अ‍ॅडव्हान्स दिला का तो माणूस परत दिसत नाही. माझे गेलेले आहेत, म्हणून सांगून राहिलो.

अन् पार्सल. ‘‘पलीकडे माझा भाचा उभा आहे, एवढी पिशवी द्या’’ असं म्हणणारा कितीही गरीब दिसला तरी नाही म्हणा. त्या बॉर्डरवर खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांची मोठी तस्करी चालते, नशेसाठी. पिशवी कोणाचीही असो, सापडली तुमच्या गाडीत, तर केस तुमच्यावर, अन् नशेच्या पदार्थांच्या कायद्यात जामीन लवकर होत नाही.

पलीकडे गेल्यावर

बांगलादेशात आपली गाडी कार पासवर जाते. म्हणजे बेनापोलच्या पोर्टाच्या आवारापर्यंत जायचं, माल खाली करायचा अन् परत यायचं. पास अंगावर ठेवा, हरवू नका, अन् आवाराच्या बाहेर पाय टाकू नका, मासे-भात कितीही चांगला मिळत असला तरी. तुम्ही तिथं पाहुणे नाही, पासवरची नोंद आहात. घड्याळ अर्धा तास पुढं असते, शुक्रवार-शनिवार सरकारी सुट्टी असते, ईदला सलग बंद. गुरुवारी संध्याकाळी आत गेलेली गाडी रविवारपर्यंत अडकली तर आश्चर्य वाटून घेऊ नका, खायचं सामान त्या हिशेबानं ठेवा. पिण्याचं पाणी दोन कॅन भरून न्या.

नेपाळचं वेगळं. तिथं भन्सारवर, म्हणजे त्यांच्या कस्टमवर, गाडीची नोंद करून परवाना घ्यावा लागते, त्यावर तारीख असते, त्या तारखेच्या आत परत यायचं. घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढं, अन् या १५ मिनिटांत काउंटर बंद झालेलं मी पाहिलं आहे. शनिवारी सुट्टी. दसऱ्याला ते दशैं म्हणतात, तेव्हा कित्येक दिवस सगळं थंड. आपला १ रुपया म्हणजे त्यांचा १.६०, हिशेब तेवढाच धरा, अन् आपल्या शंभर-पन्नासच्या नोटा जवळ ठेवा, मोठ्या नोटांची तिथं कटकट होऊ शकते.

वीरगंजवरून काठमांडूला बहुतेक गाड्या हेटौडा, नारायणघाट, मुग्लिंग करत जातात. नारायणघाट-मुग्लिंग हा पट्टा पावसाळ्यात बेकार आहे, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला त्रिशूली नदी. जुलै २०२४ मध्ये तिथं सिमलतालजवळ दरड कोसळून दोन बसगाड्या माणसांसकट नदीत गेल्या. तेव्हा पाऊस चालू असला तर रात्री तो पट्टा करायचाच नाही, नारायणघाटलाच थांबायचं. डोंगराच्या बाजूला छोटे छोटे दगड रस्त्यावर पडून राहिले असले तर मोठा यायचा आहे असं समजा अन् तिथं गाडी उभी करू नका. मैदानातल्या ड्रायव्हरला डोंगराचा उतार कळायला वेळ लागते. ब्रेक सतत दाबून उतरलं का ड्रम तापते, वास सुटते अन् मग पाय खाली जाते पण गाडी थांबत नाही. चढताना जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरा, एक्झॉस्ट ब्रेक वापरा, वास आला तर मोकळ्या जागी थांबून थंड होऊ द्या. गरम ड्रमवर पाणी मारू नका, तडा जाते.

माल उतरवणं अन् ती एक सही

माझा सगळ्यात मोठा फटका इथलाच आहे. वर्ष जाऊ द्या. चारशेच्या वर नग होते, रात्रीचे अकरा वाजले, तीन दिवसांची झोप बाकी, समोरचा म्हणाला सही करा अन् मोकळे व्हा. मी पावती न वाचता सही केली. नागपूरला आलो तं सेठ म्हणते, बारा नग कमी लिहिले आहेत. मी मोजून दिले होते, पण कागद काय बोलते ते खरं. बारा नगांचे पैसे माझ्या भाड्यातून कापले अन् त्या ट्रिपला मला डिझेलच्या वर काहीच उरलं नाही. कोणत्या ट्रान्सपोर्टची गाडी होती ते सांगत नाही, कारण चूक माझीही होतीच.

तेव्हा माल उतरवायची पद्धत अशी ठेवा. गोदामाला गाडी लावताना मागं क्लीनर उभा करा, पण तो तुम्हाला आरशात दिसला पाहिजे, दिसेनासा झाला का ब्रेक. गाडी लागली का इंजिन बंद, चाबी खिशात, गुटका लावा, कारण फोर्कलिफ्ट आत-बाहेर करताना गाडी सरकते. सील तोडायच्या आधी समोरच्या माणसाला नंबर वाचून दाखवा, फोटो काढा, मग त्याच्यासमोर तोडा. कंटेनरचं दार उघडताना बाजूला उभं राहून एकच पल्ला थोडा उघडायचा, माल दाराला टेकून बसलेला असते अन् पूर्ण दार उघडलं का अंगावर येते.

मग मोजणी. दहा-दहाचा थर लावून मोजा अन् वहीत उभ्या रेघा मारा. हमाल गडबड करतील, समोरचा मुनीम फोनवर बोलत राहील, तुम्ही थांबवा. भिजलेला, फुटलेला, सडलेला नग निघाला तर तो वेगळा ठेवा, फोटो काढा अन् किती नग काय स्थितीत हे पावतीवर लिहायला लावा. ‘‘माल खराब’’ एवढंच लिहू देऊ नका, त्याचा अर्थ पूर्ण गाडी खराब असा होते. आकडा लिहायला लावा. तुमचं म्हणणं वेगळं असलं तर तुम्हीही खाली आपल्या हातानं मराठीत लिहा, चालते, सहीच्या शेजारी लिहिलेलं कोणी खोडू शकत नाही.

पावतीवर चार गोष्टी पाहा: सही, शिक्का, तारीख अन् वेळ. वेळ सगळे विसरतात, पण हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी अडकून उभी राहिल्याचे, पैसे त्यावरच मिळतात. गाडी कधी पोचली अन् कधी रिकामी झाली हे कागदावर नसलं तर सेठ म्हणणार तू धाब्यावर झोपला असशील. फोटो काढून लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, मूळ कागद सीटखाली नाही तर फाइलमध्ये ठेवा.

झोप बाकी असली तर सही सकाळी करतो म्हणा. कोणी रागावलं तर रागावू द्या.

परत येताना रिकामी गाडी म्हणजे रिकामीच का?

इथं पोरं एकदम ढिली पडतात, माल उतरला, डाला रिकामा, आता काय. बांगलादेशकडून परत येणाऱ्या रिकाम्या ट्रकमध्ये सोन्याची बिस्किटं लपवलेली बीएसएफनं कितीतरी वेळा पकडली आहेत, पेपरात येते. कधी ड्रायव्हर सामील असते, पण गाडी यार्डात रात्रभर उभी असताना कोणी काय ठेवलं हे तुम्हाला कळलंच नाही असंही होऊ शकते. म्हणून परत निघायच्या आधी पूर्ण गाडी तपासा. एअर फिल्टरचा डबा, टूल बॉक्स, बॅटरीचा खोका, स्टेपनीच्या मागं, सीटखाली, डॅशबोर्डच्या आत, डाल्याच्या फळ्यांमधली फट. टॉर्च घेऊन खालून पण. काही अनोळखी दिसलं तर हात लावू नका, फेकू तर अजिबात नका, तिथल्याच कस्टम किंवा बीएसएफच्या माणसाला बोलवा. यार्डात रात्र काढायची असली तर तिघा-चौघांत एक जण जागा.

अपघात झालाच तर

आधी गाडी बंद, हॅझार्ड लाइट, मागं लांबवर त्रिकोण किंवा झाडाच्या फांद्या. जखमी असला तर ११२ ला फोन, नॅशनल हायवेवर १०३३ पण चालते, ते टोलवरची अ‍ॅम्ब्युलन्स अन् क्रेन पाठवतात. नेपाळमध्ये पोलिस १०० अन् अ‍ॅम्ब्युलन्स १०२, बांगलादेशात सगळ्यासाठी ९९९. हे नंबर फोनमध्ये नाही, केबिनमध्ये पेननं लिहून चिकटवा, क्लीनरलाही दिसले पाहिजेत.

जखमीला दवाखान्यात पोचवणं ही कायद्यानं ड्रायव्हरची जबाबदारी आहे. पण त्याच कलमात असंही म्हटलं आहे का जमावाच्या रागामुळे ते शक्य नसलं तर ती सूट आहे. म्हणजे लोक मारायला उठले तर जीव वाचवून थेट जवळच्या पोलिस स्टेशनला जा अन् स्वतःच सांगा. पळून घरी यायचं नाही, त्यात साधी केस मोठी होते. दुसऱ्याच्या अपघातात तुम्ही मदत केली तर पोलिस तुम्हाला जबरदस्तीनं साक्षीदार करू शकत नाहीत, हेही कायद्यात आहे, तेव्हा या भीतीनं कोणाला रस्त्यावर टाकून पुढं जाऊ नका.

कागद काढून ठेवा, गाडीचे अन् रस्त्याचे फोटो चारही बाजूनं काढा, अन् इन्शुरन्सला त्याच दिवशी कळवा. मालाचा इन्शुरन्स वेगळा असते, तो मालवाल्याचा, त्यांनाही त्याच दिवशी कळवायला सेठला सांगा.

तं असं आहे. तो पोरगा हे सगळं ऐकून म्हणाला काका एवढं कोण करते. मी म्हटलं तू फक्त तीन कर, पॉलिसीचा तो कागद माग, गाडीखाली झोपू नको, अन् आकडा वाचल्याशिवाय सही नको. परवा त्याचा बनगाववरून फोन आला. स्लॉट लागायचा होता, अन् शेजारच्या गाडीखाली झोपलेल्या एकाला त्यानं उठवलं म्हणून त्या माणसानं याला दोन शिव्या घातल्या. म्हटलं घालू दे.